जालिंदरचे पट्टे

"कपाटाला हात लावू नका," गजरामावशी दारातनंच म्हणाल्या. "आमच्या जालिंदरनं आवळलंय ते."

माझा हात जागच्या जागी थांबला. लग्न होऊन त्या घरात येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. शर्टांच्या घड्या कुठं ठेवाव्यात म्हणून कपाट उघडायला गेलो होतो. जुनं सागवानी कपाट, सांधे सुटलेलं. त्याच्या माथ्यावर एक आणि पायाशी एक असे दोन रुंद भगवे पट्टे चारी बाजूंनी करकचून आवळलेले होते. ट्रकवर यंत्रं, लोखंडी पाइप बांधायला वापरतात तसले. पट्ट्याला एक लोखंडी मूठ असते. ती खालीवर केली की खट् खट् करत दाते सरकतात आणि पट्टा घट्ट होत जातो. ड्रायव्हर लोक त्याला रॅचेट म्हणतात.

"उघडलं तर चालतं," मागून उज्ज्वला म्हणाली. "पट्ट्याला फक्त धक्का नको. खालचा कप्पा तुमच्यासाठी मोकळा केलाय."

मी खालच्या कप्प्यात शर्ट ठेवले आणि दार लावलं. त्या रात्री पलंगावर पडल्यावर डोळ्यांसमोर तो वरचा पट्टाच दिसत राहिला.

जालिंदर म्हणजे उज्ज्वलाचा पहिला नवरा. गजरामावशींचा एकुलता एक मुलगा. मोठाल्या ट्रेलरवर ड्रायव्हर होता. मी त्या घरात येण्याच्या पाच वर्षं आधी हुबळीच्या पुढं एका ढाब्यावर जेवून केबिनमध्ये झोपला, तो उठलाच नाही. पोरबाळ नव्हतं. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर टर्नर होतो. दोन बहिणींची लग्नं उरकता उरकता माझं राहून गेलं ते राहूनच गेलं. हे स्थळ आलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. आणि लग्नाचा विषय काढला होता खुद्द गजरामावशींनी. "म्या किती दिस पुरनार? पोरीनं एकटीनं म्हातारं व्हायचं का?" असं त्या माझ्या बहिणीला म्हणाल्या होत्या. उज्ज्वलाची अट एकच होती. आत्या, म्हणजे सासू, तिच्याबरोबरच राहणार. मावशी घर सोडायला तयार नव्हत्या, म्हणून मग मीच माझी भाड्याची खोली सोडून त्या घरात राहायला गेलो.

घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर होतं. रिक्षा खालच्या दत्तमंदिरापर्यंतच यायची, तिथून पुढं दगडी पायऱ्या. वारा असा की वैशाखात पत्रे थडाथडा वाजायचे. दोन खोल्या, वर छोटी गच्ची, मागं न्हाणीघर आणि एक शेवग्याचं झाड. आणि घरभर पट्टे. गच्चीवरची पाण्याची काळी टाकी वाऱ्यानं डुलू नये म्हणून कठड्याच्या खांबांना पट्ट्यानं जखडलेली. न्हाणीघराचा पत्रा पट्ट्यानं दाबून धरलेला. स्वयंपाकघरात गॅसची टाकी खिडकीच्या गजाला पट्ट्यानं बांधलेली. माळ्यावरच्या गाद्या पट्ट्यानं गुंडाळून इतक्या आवळल्या होत्या की त्यांची जाडी हातभरसुद्धा राहिली नव्हती. वादळात शेवगा मधोमध चिरला होता, त्याचेही दोन्ही भाग पट्ट्यानं एकत्र आणून धरलेले. पाट्याचा दगड, कपडे वाळत घालायची दोरी, मोडक्या पायाचं स्टूल, जिथं बघावं तिथं पट्टा.

आणि प्रत्येक पट्ट्यापाशी मावशींचं पालुपद ठरलेलं. "आमच्या जालिंदरनं बांधलंय."

शेजारचे शिंदेकाका चहाला आले तरी तेच. "बघा की, गेल्या सालच्या वाऱ्यात आमचा पत्रा उडून पार खाली गेला. ह्यांचा हलला का? जालिंदर मोठा हुन्नरी गडी!" असं म्हणून ते माझ्याकडं बघायचे. मी कपातला चहा ढवळत राहायचो.

आता मी काही बिनकामाचा माणूस नव्हतो. लेथवर माझा हात चालायचा तेव्हा वर्कशॉपचे मालक बाजूला येऊन उभे राहायचे. लोखंडाचं काहीही सांगा, मी करून देत होतो. पण त्या घरात मला करायला काही शिल्लकच नव्हतं. जे जे मोडलं होतं ते ते एका मेलेल्या माणसानं आधीच बांधून ठेवलं होतं. भिंतीवर हार घातलेला त्याचा फोटो होता, जाड मिशा, गळ्यात रुमाल. त्या फोटोचं मला काही वाटत नव्हतं. फोटो असणारच. पण न्हाणीघरात डोक्यावर पाणी घेताना वर बघितलं तरी पट्टा, चहाला पातेलं ठेवायला गेलो तरी पट्टा. दिवसभर तो माणूस माझ्याआधी सगळीकडं जाऊन बसलेला असायचा.

त्यातही एक गोष्ट मला फार लागायची. रोज दिवेलागणीच्या आधी उज्ज्वला गच्चीवर जायची. वाळलेले कपडे काढायची आणि मग टाकीपाशी थांबायची. पट्ट्यावर हात फिरवायची. तार छेडावी तसं बोटानं त्याला एकदा ठण् करून वाजवायची आणि मान तिरपी करून ऐकायची. कधी कधी हसायचीसुद्धा. पहिल्यांदा मी जिन्यात उभा राहून सहज बघितलं. नंतर मी मुद्दाम उभा राहायला लागलो. कामावरून आलो की चपला न वाजवता निम्मा जिना चढायचा आणि बघायचं. मला वाटायचं, आज ती हात लावणार नाही. ती लावायचीच.

"वर काय करत होतीस?" एकदा मी विचारलं.

"कपडे काढत होते," ती म्हणाली. हातात कपडे होतेच, त्यामुळं मला पुढं काही विचारता आलं नाही.

ती माझ्याशी वाईट वागत होती का? अजिबात नाही. डब्यात माझ्या आवडीचा घेवडा असायचा, मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची. पण प्रेम आणि आदर यांतला फरक माणसाला कळतो असं मला तेव्हा वाटायचं, आणि आपल्या वाट्याला नुसता आदर आलाय अशी माझी खात्री झाली होती.

एकदा जेवताना मी विषय काढला. "ते कपाटाचे पट्टे काढून मी चांगल्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू मारतो. कायमचं काम होईल."

मावशींचा घास हातातच राहिला. त्या उज्ज्वलाकडं बघायला लागल्या.

"असू दे की," उज्ज्वला ताटाकडं बघत म्हणाली. "काय अडलंय त्याच्यावाचून?"

"अडलं काही नाही. बघायला बरं दिसत नाही."

"कोण येतंय बघायला?"

मी बघत होतो रोज, पण तसं म्हणता आलं नाही.

वैशाखात कोरेगावला मावशींच्या भाचीचा साखरपुडा होता. रविवार होता. मला वर्कशॉपचं तातडीचं काम आहे असं सांगून मी मागं राहिलो. दोघी सकाळच्या गाडीनं गेल्या. त्यांची पाठ फिरल्याबरोबर मी पलंगाखालची पिशवी बाहेर ओढली. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून मी सगळं तयार केलं होतं. कपाटाला लोखंडी कोन, टाकीला बसणारी गोल कडी आणि तिचे पाय, पत्र्याला हुकाचे बोल्ट, गॅसच्या टाकीला तळाची बैठक. मापं मी रात्री चोरून घेतली होती, दोरीनं.

कपाटापासून सुरुवात केली. मूठ मागं ओढून खटका सोडला तेव्हा पट्टा असा ढिला पडला की मला हसूच फुटलं. एवढंच? एवढ्याशा गोष्टीनं मला आठ महिने छळलं? कोन बसवले, स्क्रू पिळले, कपाट हलवून बघितलं. दगडासारखं झालं होतं. मग गॅस, मग न्हाणीघर, मग टाकी. उन्हानं अंगाची लाही होत होती, पण मी पाणी प्यायलासुद्धा थांबलो नाही. प्रत्येक पट्टा काढून गोणीत टाकला की बरं वाटायचं. काम चोख होत होतं, हे मी आजही सांगतो. त्या टाकीची कडी आजपर्यंत तसूभर हललेली नाही.

राहिला शेवगा.

तिथला पट्टा निघेना. झाड त्याच्याभोवती वाढलं होतं, सालीनं पट्टा दोन्ही बाजूंनी गिळला होता. खटका गंजून एकजीव झालेला. मी हातोडी मारली, तेल सोडलं, पहारीनं उचकटलं. काही केल्या हलेना. एव्हाना गोणी भरली होती आणि तो एकच राहिला होता. तो एक राहू दिला असता तर काय बिघडलं असतं? पण मला तो एकच त्या सगळ्यांपेक्षा जास्त डाचायला लागला. मी हॅक्सॉची करवत आणली आणि पट्टा कापला.

आधी काहीच झालं नाही. मग चरचर असा आवाज आला. झाड आपल्याच भारानं हळूहळू उघडत गेलं आणि त्याचा निम्मा भाग शेंगांसकट धुण्याच्या दगडावर आडवा झाला. मी बाजूला झालो म्हणून वाचलो.

दोघी परत आल्या तेव्हा मी त्या फांद्याच तोडत होतो. मावशी मागच्या दारात आल्या. त्यांनी झाड बघितलं, पत्रा बघितला. आत जाऊन कपाट बघून आल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील, शिव्या घालतील. त्यासाठी मी दिवसभर उत्तरं जुळवून ठेवली होती. पण त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून नुसत्या बसून राहिल्या.

उज्ज्वलानं त्यांना आत नेलं, पाणी दिलं. मग माझ्यापाशी आली.

"पट्टे कुठायत?"

"गोणीत. उद्या वर्कशॉपच्या भंगारात टाकतो."

"वर चला," ती म्हणाली.

मी तिच्या मागून गच्चीवर गेलो. खाली गावात दिवे लागत होते. तिनं टाकीच्या कडीला हात लावला, हलवून बघितली.

"काम चांगलं केलंय," ती म्हणाली. "मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"मग?"

आठ महिन्यांचं साचलेलं बाहेर आलं. "मग काय? मी ह्या घरात कोण आहे? ज्याला त्याला त्याचाच पट्टा. खाताना तो, अंघोळ करताना तो, झोपताना उशाशी तो. तू रोज इथं येऊन त्याला हात लावतेस ते मला दिसत नाही असं वाटतं तुला? जालिंदरवर एवढा जीव आहे तर माझ्याशी लग्न कशाला केलंस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. आणि मग तिला हसू आलं. खरंखुरं हसू, ओठ दाबूनही थांबेना असं.

"जालिंदरचे पट्टे?" ती म्हणाली. "अहो, त्या माणसानं ह्या घरात कधी खिळासुद्धा मारला नाही. महिन्यातले चार दिवस घरी असायचा, ते चारही दिवस झोपून काढायचा. न्हाणीघराचा पत्रा उडाला तर म्हणाला, बरं झालं, उजेड येतोय."

"मग हे कुणी बांधलं?"

"मी."

ती कठड्याला टेकली.

"तो गेल्यावर ट्रेलरच्या मालकानं त्याचं सामान पाठवून दिलं. एक पेटी, एक चादर आणि गोणीभर पट्टे. तेवढंच घरात आलं. त्या वर्षी वादळ झालं, शेवगा चिरला, टाकी कलंडायला आली. बोलवायचं कुणाला? विधवा बाईच्या घरी गडी माणूस कामाला आला की गल्लीत लगेच डोळे लागतात. मी म्हटलं, बघू तरी हे कसं चालतं. आठवडाभर मला तो खटका उलगडेना. उलटा पट्टा घालत होते. हाताची सालटी निघाली. आणि एके दिवशी टाकीला आवळला आणि ठण् करून वाजला." तिनं बोटानं हवेतच ठण् केलं. "रोज येऊन बघायचे, ढिला तर झाला नाही ना. पावसाच्या आधी सगळे सोडून परत आवळायचे. सवयच लागली. आणि खरं सांगू? वाजवून बघितलं की बरं वाटायचं. आपण केलंय म्हणून."

"मग मावशी सारखं जालिंदरनं, जालिंदरनं..."

"हळू बोला," ती एकदम म्हणाली आणि जिन्याकडं बघितलं. "पोरगा गेल्यावर वर्षभर आत्यांना कशाची शुद्ध नव्हती. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. बऱ्या झाल्या आणि एक दिवस कपाटाला हात लावून म्हणाल्या, हे माझ्या पोरानं बांधलंय ना गं? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून सगळंच त्याचं झालं. मला काय कमी पडलं त्यात?"

खाली मावशींच्या खोकल्याचा आवाज आला.

"त्यांना काही सांगू नका," उज्ज्वला म्हणाली. "एवढं कराच माझ्यासाठी."

मी खाली गेलो, गोणी घरात आणली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. माझं लोखंड तसंच ठेवून त्याच्यावरून आम्ही दोघांनी परत पट्टे बांधले. पट्टा मुठीखालच्या फिरकीत कसा घालायचा, पहिले दोन वेढे सैल ठेवून मग खटका कसा चालवायचा, ते तिनं मला दाखवलं. मी चुकलो की माझ्या हातावर चापट मारायची. शेवग्याच्या उरलेल्या बुंध्यालाही गोणपाट गुंडाळून एक पट्टा घातला. मावशी दारातून बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, पट्टे धुवायला काढले होते. जालिंदरचं काम पक्कं होतं, मी आपलं त्याला थोडं लोखंड जोडलं."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या.

मी मोकळा झालो असं मला वाटलं. फोटोतल्या मिशांकडं बघून मला आता काही व्हायचं नाही. शिंदेकाकांनी हुन्नरी गडी म्हटलं की मी मान डोलवायचो आणि उज्ज्वला माझ्याकडं न बघता हसायची. आमच्या दोघांचं असं काहीतरी पहिल्यांदाच झालं होतं.

आषाढात मावशी न्हाणीघराच्या ओल्या दगडावर घसरल्या. सकाळची वेळ. मी डबा घेऊन निघालोच होतो. उज्ज्वलाची हाक ऐकून धावलो तर मावशी एका कुशीवर पडलेल्या, उजवा पाय विचित्र वळलेला. हात लावू देत नव्हत्या. खुबा गेलाय हे बघूनच कळत होतं. रिक्षा दत्तमंदिरापाशी, आणि मध्ये त्या निसरड्या पायऱ्या. पाठीवर घेतलं तर पाय लोंबकळणार.

मी लाकडी हाताची खुर्ची आणली. आम्ही दोघांनी त्यांना अलगद तिच्यात बसवलं, पायाखाली पाट लावला, आणि मी दोन पट्टे घेतले. एक छातीखालून खुर्चीच्या पाठीला, दुसरा मांड्यांवरून आणि पाटाखालून. खटका अगदी हळू चालवला. त्या कण्हल्या की थांबायचो. मग मी मागून आणि शिंदेकाकांचा थोरला मुलगा पुढून, अशी खुर्ची उचलून आम्ही उतरायला लागलो. उज्ज्वला रिक्षा गाठायला पुढं पळाली.

निम्म्या वाटेवर पार आहे. तिथं खुर्ची टेकवली. शिंद्यांचा मुलगा शेवाळ नसलेली बाजू बघायला खाली गेला. मी मावशींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो. त्यांचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता.

"अंकुशराव," त्या म्हणाल्या, "ह्यो वरचा पट्टा तुमी बांधला?"

"हो. काचतोय का?"

"काचतोय. तिनं बांधला असता तर खाली फडकं घातलं असतं. गाद्यांनाबी घालती ती. तिच्या हाताचं कळतं."

मला नीट ऐकू आलं की नाही अशी शंका आली. "कुणाच्या हाताचं, मावशी?"

"उज्ज्वलाच्या. आनि कुनाच्या?" त्यांनी डोळे मिटले होते. "जालिंदरला पायजम्याची नाडी धड बांधाया येत न्हवती. म्या बांधून द्यायची, लगीन हुईस्तवर."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे?"

"पट्ट्याची गोनी घरात आली तवा सोडली कुनी? म्याच सोडली. मेल्यावर आलेल्या पट्ट्यानं मेलेला मानूस काय बांधनार?"

"मग रोज जालिंदरनं बांधलं, जालिंदरनं बांधलं, हे कशाला?"

त्यांनी डोळे उघडले. "सून पदर खोचून गच्चीवर चढती, पत्र्यावर चढती. समदी गल्ली बगायची. तोंडं काय गप बसत्यात? कोन म्हनं कुनाला दावाया चढती, कोन म्हनं कोनतरी शिकवाया येत असंल. तवा म्याच उठवलं, की हे समदं माझ्या पोराचं हाय, जायच्या आदीच करून गेलाय, ही निस्तं ढिलं झालं का बगाया चढती. मेलेल्या मानसावर कोन काय बोलनार? आनि तिच्या म्होरंबी तसंच बोलत ऱ्हायले. न्हाईतर एक दिस तीच लोकांत बोलून बसली असती."

"तिला वाटतं, तुम्हाला खरंच वाटतंय."

"ठावं हाय मला. वाटू दे." कळ आली तशी त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि ती ओसरल्यावर म्हणाल्या, "माझ्यासाठी गप बसली ती इतकी वर्सं. आता मला ठावं व्हतं म्हनलं तर तिचं गप बसनं फुकट जाईल. तुमी काय बोलू नका, अंकुशराव. तिला कळू द्यायचं न्हाई."

मी हो म्हटलं.

तेवढ्यात उज्ज्वला धापा टाकत वर आली. "रिक्षा थांबलीय, चला." आणि खुर्चीकडं बघताक्षणी ती खाली बसली. खटका एक दात सैल केला, आपला रुमाल चौघडी करून पट्ट्याखाली सरकवला आणि परत आवळला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिच्या डोक्यावरून भिजलेला हात फिरवला.

"लागलं का हो फार, आत्या?"

"न्हाई गं. आता बरंय."

त्या दोघी एकमेकींकडं बघत होत्या. मी छत्री धरून बाजूला उभा होतो. आठ महिने माझी जी आग झाली होती ती त्या क्षणापुढं काहीच नव्हती. मी हेवा केला होता तो चुकीच्या माणसाचा. त्या घरात उज्ज्वलाच्या जिवाचं जे कुणी होतं ते भिंतीवर हार घालून टांगलेलं नव्हतं, ते माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं. दोघींनी एकमेकींसाठी पाच-सहा वर्षं खोटं सांभाळलं होतं, कसलाही आवाज न होऊ देता. तसं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं, आणि मी कुणासाठी केलं नव्हतं.

"उचला की," शिंद्यांचा मुलगा म्हणाला. आम्ही खुर्ची उचलली.

मावशींचं ऑपरेशन झालं. काठीला धरून पुढं तीन-चार वर्षं त्या घरभर हिंडल्या आणि आल्यागेल्याला पट्टे दाखवत राहिल्या. उज्ज्वला मागून हो म्हणायची. मी दोघींच्या मध्ये बसून जेवायचो.

त्या गेल्या तो थंडीचा दिवस होता. तेरावं उरकून पाहुणे गेले. आम्ही दोघं मागच्या दारात बसलो होतो. उज्ज्वला शेवग्याच्या बुंध्याकडं बघत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "एका गोष्टीचं समाधान आहे. शेवटपर्यंत त्यांना कळू दिलं नाही मी. त्यांचा पोरगा त्यांच्यासाठी तसाच राहिला."

तिच्याकडून हिरावून घ्यावं असं ते नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या दोघींमधलं तेवढं एकच गुपित माझ्या वाट्याला आलं होतं, तेही मला कुणाला द्यायचं नव्हतं.

"नाही कळलं," मी म्हणालो. "कधीच नाही कळलं त्यांना."